"आई, माझ्याकडे सा नाहीये" : बेस गिटारच्या पाचव्या तारेची गोष्ट

पोस्ट लांबलचक झालीये, चहा घेऊन बसा. घरात बेस गिटार वाजवणारं किंवा मागणारं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा, कारण मुलांसाठी काही ना काही विकत घेऊन हात पोळलेले आपण सगळेच आहोत.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राची तालीम आमच्या घरी, खाली बेसमेंटमध्ये चालू होती. गाणारे काका म्हणाले, "मी काळी दोनमध्ये गाणार." कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबलं, तबलेवाल्याने हातोडी काढली. माझी पंधरा वर्षांची लेक शाळेच्या जॅझ बँडमध्ये चार तारांचा बेस वाजवते. ती मात्र थांबली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, माझ्याकडे सा नाहीये."

आधी मला कळेचना. मग तिने दाखवलं. साध्या बेसला चार तारा असतात: ई, ए, डी, जी. सगळ्यात खालची ई, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन. काळी दोन तिच्याहून फक्त अर्धा स्वर खाली. म्हणजे गाण्याचा खालचा सा तिच्या वाद्याच्या बाहेर, एका बोटाच्या अंतरावर! वरच्या सप्तकातला सा होता, पण गाणं समेवर येऊन टेकतं तिथे तिला खालचाच हवा होता. काळी एक, पांढरी दोन, पांढरी एक यांचीही तीच गत. आणि आपल्याकडचे पुरुष गायक बहुतेक याच पट्ट्यांत गातात.

एक खासगी गोष्ट सांगते. ही पोरगी बाराव्या वर्षी गाण्याचा क्लास सोडून बसली होती. मी वर्षभर रुसले होते, खोटं कशाला बोलू? घरात तानपुऱ्याचं अ‍ॅप बंद झालं, त्या जागी हे मागे उभं राहून वाजवायचं वाद्य आलं. तेव्हापासून तिच्या तोंडून 'सा' हा शब्द मी ऐकला नव्हता. आणि आता ती तोच मागत होती.

यावर मी काय केलं? सीए बाई जे करते तेच. "चार तारांत जगाचं भागतं, पाचवी कशाला?" असं म्हणून आधी प्रश्न टोलवला. मग दोन आठवड्यांनी मनाला लागलं म्हणून स्प्रेडशीट उघडली. त्याचं काय झालं ते पुढे येतंच. पण त्या नादात या पाचव्या तारेचा इतिहास वाचला. तो जर आधी वाचला असता तर पैसे वाचले असते, म्हणून तुम्हाला सांगतेय.

सुरुवात एका हिशेबनीसापासून आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. लिओ फेंडर, जन्म 1909. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात अकाउंटिंग शिकला, एका बर्फाच्या कंपनीची वहीखाती सांभाळली, मग राज्याच्या हायवे खात्यात हिशेब लिहिला. मंदीच्या काळात नोकरी गेली. 1938 साली 600 डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वादक आपापले बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन यायला लागले आणि त्यातून पुढचा सगळा पसारा उभा राहिला. गंमत म्हणजे लिओला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणून तो वाजवणाऱ्यांना विचारायचा, तयार केलेला नमुना त्यांच्या हातात द्यायचा, ते काय तक्रार करतात ते ऐकायचा आणि परत कामाला बसायचा. हे लक्षात ठेवा.

तेव्हा बँडमध्ये खालचे सूर धरायला डबल बेस असे. माणसापेक्षा उंच, गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गोंगाटात ऐकू न येणारा. 1930 च्या दशकात सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने पडदे असलेला, आडवा धरायचा इलेक्ट्रिक बेस बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. 1951 मध्ये लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' काढला. नाव प्रिसिजन, कारण पडद्यांमुळे सूर नेमका लागतो. तारेची वाजणारी लांबी 34 इंच. तारा चारच, कारण डबल बेसला चार होत्या, आणि त्याही त्याच स्वरांत लावलेल्या. म्हणजे 'चार' हा आकडा काही संगीतशास्त्रातून आलेला नाही. तो वारशाने आलेला आहे.

आणि तो वारसाही तसा अपुराच होता. सिंफनी ऑर्केस्ट्रात चेलोची सगळ्यात खालची तार सी, म्हणजे पांढरी एक. डबल बेसने चेलोच्या एक सप्तक खाली साथ करायची असा प्रघात, पण त्याची खालची तार ई वरच थांबते. मग शेवटचे चार स्वर कुठून आणायचे? युरोपात, विशेषतः जर्मन परंपरेतल्या ऑर्केस्ट्रांनी पाच तारांचे डबल बेस ठेवले. अमेरिकेत बऱ्याच जणांनी खालच्या तारेची लांबीच वर डोक्यापर्यंत वाढवून ती सी पर्यंत नेली. थोडक्यात, माझ्या लेकीची तक्रार काही नवी नव्हती.

आता येतं 1965. त्या वर्षी जानेवारीत लिओने आपली कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरला सीबीएसला विकली. त्याच वर्षी फेंडरचा पहिला पाच तारांचा बेस बाजारात आला, 'बेस फाइव्ह'. पण पाचवी तार लावली कुठे? वरच्या बाजूला. बारीक, उंच सी ची तार. हिशेब कागदावर अगदी चोख होता: वर एक तार जास्त असली की हात मानेवर वरखाली पळवावा लागत नाही, म्हणून पडदेही 15 पुरतात. सगळं एका जागी बसून वाजतं.

फक्त एकच अडचण होती. बेस वाजवणाऱ्यांना ती तार नको होती. वरचे सूर धरायला बँडमध्ये गिटार होती, पियानो होता, गाणारे होते. बेस फाइव्ह खपला नाही आणि काही वर्षांतच बंद झाला.

इथे वाचता वाचता मी थांबले. कारण मी नेमकं हेच केलं होतं!

स्प्रेडशीटमध्ये मी किंमत, ब्रँड, वजन, रिसेल व्हॅल्यू असे रकाने केले. लेकीला सरप्राइज द्यायचं म्हणून तिला न विचारता ऑनलाइन एक सेकंडहँड पाच तारांचा बेस घेतला. 340 डॉलर. फोटोत देखणा. घरी आला तेव्हा कळलं की तिच्या मानाने तो फार जड आहे, मान इतकी रुंद की तिची करंगळी पोचेना, आणि ज्या तारेसाठी एवढा खटाटोप केला ती खालची बी ची तार ओल्या दोरीसारखी वाजत होती. सूर कमी, फडफड जास्त. बिचारी काही बोलली नाही. "छान आहे, थँक्स आई," म्हणाली आणि चार तारांचाच वाजवत राहिली. दोन महिने तो कोपऱ्यात स्टँडवर उभा. शेवटी 225 ला विकला. 115 डॉलर तोटा, अधिक एका पंधरा वर्षांच्या मुलीचं अवघडलेपण. ते कुठल्या रकान्यात टाकायचं ते अजून मला कळलेलं नाही.

तर मग खालची तार आली कशी? ती वाजवणाऱ्यांकडून आली. न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सनला गिटारच्या कुटुंबातलाच, पण खऱ्या अर्थाने खालचा आवाज हवा होता. त्याने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून 1975 च्या सुमारास सहा तारांचा बेस करवून घेतला. एक तार खाली जास्त, एक वर. लोकांनी वेड्यात काढलं असणार. दुसरा जिमी जॉन्सन, मिनेसोटाचा. त्याचे वडील मिनेसोटा ऑर्केस्ट्रात डबल बेस वाजवायचे, म्हणजे त्या 'शेवटच्या चार स्वरांची' गोष्ट घरातलीच. 1976 मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या अलेंबिक कंपनीकडून पाच तारांचा बेस घेतला आणि पाचवी तार खाली लावली, बी ची. आज दुकानात दिसणारा पाच तारांचा बेस बहुतेक याच पद्धतीने लावलेला असतो: बी, ई, ए, डी, जी. जिमी जॉन्सन पुढे कितीतरी वर्षं जेम्स टेलरच्या साथीला होता. गाणं ऐकताना त्याच्याकडे लक्षही जात नाही, पण तो थांबला तर पायाखालचं काहीतरी सरकल्यासारखं वाटेल.

मग 1980 चं दशक आलं. सिंथेसायझरवर बेस वाजवणं सोपं झालं होतं. किल्ली दाबली की हवा तितका खाली सूर. रेकॉर्डिंगला बेसवाला बोलवायची गरजच कमी व्हायला लागली. कीबोर्ड जिथे पोचतो तिथे आपल्यालाही पोचायला हवं, ही आता बेसवाल्यांच्या पोटापाण्याची गोष्ट झाली. यामाहाने 1984 मध्ये 'बीबी 5000' काढला, म्युझिक मॅनने 1987 मध्ये 'स्टिंगरे 5'. नेथन ईस्टसारखे स्टुडिओतले मोठे वादक पाच तारा वापरायला लागले. चर्चमधल्या गॉस्पेल संगीताला तर हे वाद्य फारच मानवलं, कारण तिथे गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ऐनवेळी पट्टी बदलते आणि ई-फ्लॅट, डी-फ्लॅट अशा पट्ट्या नेहमीच्या. आता ई-फ्लॅट म्हणजे काय? आपली काळी दोन. डी-फ्लॅट म्हणजे काळी एक. आमच्या बेसमेंटमधला प्रश्न आणि इथल्या चर्चमधला प्रश्न एकच निघाला. 1994 मध्ये कॉर्नसारख्या हेवी बँडने पहिला अल्बम काढला, तेव्हापासून त्या बाजूनेही पाचवी तार पोरांच्या ओळखीची झाली.

म्हणजे एकच तार. बनवणाऱ्याला सोयीची वाटली म्हणून वर जोडली तेव्हा पडली. वाजवणाऱ्याला हवी होती म्हणून खाली जोडली तेव्हा टिकली. सगळा इतिहास या दोन वाक्यांत आहे.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. माझं माहेर सांगलीचं. मिरज शेजारीच, त्यामुळे तानपुरा आणि सतार हे विषय आमच्याकडे भाजी-भाकरीसारखे. एकोणिसाव्या शतकात मिरजेतल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं बनवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव आजही घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? खर्ज पाहिजे म्हणाली की पोरगी. तानपुऱ्याची चौथी तार काढून दे गायला कुणाला, बघू कसा गातो ते!"

खरंच की. तानपुऱ्यात पंचम, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी पितळेची जाड तार, खर्ज. ती ऐकू येते असं म्हणण्यापेक्षा ती असते. बाकीच्या तारा तिच्यावर उभ्या असतात. आकड्यांत सांगायचं तर काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झ. चार तारांच्या बेसची खालची ई 41 हर्ट्झ. पाच तारांच्या बेसची बी 31 हर्ट्झ, म्हणजे त्या खर्जाच्याही एक सप्तकाहून जास्त खाली. पियानोची अगदी शेवटची डावी पट्टी 27.5.

बाबांनी आणखी एक आठवण करून दिली, आणि ती 'पाचच घ्या' म्हणणाऱ्यांनी ऐकावी अशी आहे. पंडित रविशंकरांच्या सतारीवर खर्जाची जाड तार होती. उस्ताद विलायत खाँसाहेबांनी आपल्या सतारीवरून ती काढून टाकली, त्यांना गळ्यासारखं वाजवायचं होतं म्हणून. कोण मोठा असं विचारायची आपली प्राज्ञा नाही. दोघांना आपल्याला काय वाजवायचंय ते ठाऊक होतं, एवढंच.

बेसचंही तसंच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची शेकडो गाणी जेम्स जेमरसनने चार तारांच्या प्रिसिजन बेसवर वाजवली, उजव्या हाताच्या एका बोटाने. जाको पास्टोरियस जन्मला 1951 मध्ये, प्रिसिजन बेसच्याच वर्षी, आणि त्याचा पहिला अल्बम आला 1976 मध्ये, जिमी जॉन्सनच्या पाचव्या तारेच्याच वर्षी. त्यालाही चार पुरल्या. मुलींच्या आयांसाठी खास: लॉस एंजेलिसची कॅरोल के मुळात गिटार वाजवायची. 1963 च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून तिने बेस हातात घेतला, आणि मग हजारो रेकॉर्डिंगं केली. चारच तारा. आपल्याकडे पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस होता. ती गाणी आपण पाठ गुणगुणतो, बेसच्या ओळीसकट, फक्त वाजवणाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. आणि आजची, मुंबईत वाढलेली मोहिनी डे? पाच आणि सहा तारांवर तिचा हात कसा फिरतो ते मुलींना जरूर दाखवा.

तेव्हा पहिला प्रश्न 'कुठला घेऊ' हा नाही. 'हिला कुठला सूर हवाय' हा आहे. मुलाला विचारा: तुला चार तारांवर काय वाजवता येत नाही? उत्तर नेमकं आलं, एखादं गाणं, एखादी पट्टी, एखादा बँड, तर पाच तारांचा विचार करा. "सगळे घेतात म्हणून" असं आलं तर सहा महिने थांबा. शाळेच्या जॅझ बँडचं बहुतेक सगळं चार तारांत बसतं. तिथले शिक्षक काय म्हणतात तेही विचारा.

मधला, कमी खर्चाचा मार्गही आहे. हिपशॉट कंपनीची 'एक्सटेंडर' नावाची किल्ली चार तारांच्या बेसला बसते. कळ फिरवली की ई ची तार डी पर्यंत उतरते. म्हणजे काळी दोन आणि पांढरी दोन मिळतात, काळी एक नाही. ज्यांच्या गायकाची पट्टी काळी दोन त्यांचं तेवढ्यावर भागेल.

पाच तारांचा घ्यायचंच ठरलं तर, माझ्या 115 डॉलरच्या फीमधून शिकलेले धडे हे असे.

एक. बी ची तार हीच खरी परीक्षा. सूर खाली न्यायचा तर तार जाड करा, लांब करा किंवा ढिली करा, चौथा मार्ग नाही. ढिली केली की फडफडते. म्हणून बी ची तार जाड असते, 0.125 ते 0.130 इंच. ई ची साधारण 0.105. दुकानात बी वर चौथ्या, पाचव्या, सातव्या पडद्यावर एकेक सूर धरून ठेवायला सांगा. ई इतकाच स्पष्ट आणि तितकाच वेळ टिकला पाहिजे. नुसतीच घरघर आली तर पुढे चला. कधी कधी दोष वाद्याचा नसून जुन्या तारांचा असतो, तेही दुकानदाराला विचारा.

दोन. लांबी. बहुतेक बेस 34 इंची. बी ला ताण मिळावा म्हणून काही कंपन्या 35 इंच देतात, लेकलँडने 1994 पासून तेच केलं. कॅनडाच्या डिंगवॉलसारख्या कंपन्या पडदे पंख्यासारखे तिरके लावतात, खालची तार लांब, वरची आखूड. ऐकायला उत्तम, पण लहान हाताला एक इंचही फार होतो. 35 म्हणजे चांगला असा सरळ हिशेब करू नका. मी तोच केला होता.

तीन. मानेची रुंदी. चार तारांच्या जॅझ बेसची मान वरच्या टोकाला सुमारे 38 मिलिमीटर, पाच तारांची 45 च्या आसपास. उजव्या हाताखाली तारांमधलं अंतरही बघा, 16.5 ते 19 मिलिमीटर असतं. अंगठ्याने फटके मारून वाजवणाऱ्याला जास्त बरं पडतं, लहान बोटांना कमी.

चार. वजन. साडेचार किलोच्या वर गेला तर दोन तासांच्या तालमीनंतर खांदा बोलायला लागतो. पट्टा रुंद घ्या. गळ्यात अडकवून हात सोडायला सांगा. मान जमिनीकडे झुकत असेल तर डावा हात वाजवण्याऐवजी वाद्य उचलण्यातच जाईल.

पाच. न वाजणारी तार गप्प ठेवणं ही वेगळी विद्या आहे. बी ची तार शेजारच्या सुरांनी आपोआप घुमते. त्यासाठी उजवा अंगठा तिच्यावर टेकवून सरकवत राहायला शिकावं लागतं. पहिले काही आठवडे सगळं गढूळ वाजेल. रागावू नका.

सहा. फोनवर ऐकून बेस निवडू नका. फोनच्या स्पीकरमधून 31 हर्ट्झचा मूळ सूर निघतच नाही, आपल्याला त्याचे वरचे पडसाद ऐकू येतात. घरातल्या छोट्या अ‍ॅम्पचंही तेच. सुरुवातीला चांगला हेडफोन हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंधही चांगले राहतात.

सात, हा माझ्या धंद्यातला. नवा, सुरुवातीच्या दर्जाचा पाच तारांचा बेस साधारण तीनशे ते पाचशे डॉलरमध्ये मिळतो. त्यात केस, पट्टा, सेटअप, सेल्स टॅक्स आणि तारांचा जास्तीचा सेट धरा. पाच तारांचा सेट चारपेक्षा महाग असतो आणि दर वेळी लागतो. सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही, पण वाजवणाऱ्याला सोबत नेऊन.

आम्ही दुसऱ्यांदा तसंच केलं. एका शनिवारी दुकानात गेलो. मी स्प्रेडशीट घरी ठेवली. लेकीने पाच-सहा बेस एकामागून एक घेतले आणि माझ्याकडे पाठ करून प्रत्येकावर फक्त खालची तार वाजवत बसली. इबानेझचा एक, यामाहाचा एक, असे परत परत बदलून. तासाभराने मी खुर्चीत पेंगायला लागले तेव्हा म्हणाली, "आई, हा." यामाहाचा टीआरबीएक्स 305, 34 इंची. माझ्या यादीत तो तिसरा होता. मी तोंडातून एक शब्द काढला नाही, याबद्दल माझं कौतुक करा.

तिने क्लास सोडला तेव्हा मला वाटलं होतं की आपण दिलेलं सगळं या देशात असंच एकेक करून गळून जाणार. मराठी शाळा, गाणं, श्लोक, आपण तारा जोडतच राहतो की! काही त्यांना लागतात, काही नाही. मी जोडलेली तार तिने काढून ठेवली होती. स्वतःला हवी झाली तेव्हा स्वतःच्या वाद्यावर, स्वतःच्या जागी, परत मागायला आली. तेव्हा मी नाव ओळखलं नाही म्हणून "पाचवी कशाला" म्हणाले, एवढंच.

यंदाच्या गणपतीत काका म्हणाले, "आज गळा बसलाय, काळी एक घ्या." लेकीने मान हलवली. बी ची तार, दुसरा पडदा. तो सूर आला तेव्हा शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या हलक्याशा थरथरल्या. माझ्या शेजारच्या वहिनींनी इकडेतिकडे बघितलं, आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नाही.

सांगलीला पहाट होती. बाबा फोनवर जागे राहून बघत होते. नंतर विचारलं, "ऐकू आला का हो खर्ज?"

"फोनवर कुठला ऐकू येतोय," बाबा म्हणाले. "पण लागला असणार. बाकीचे सगळे सुरात होते ना."

तर मंडळी, तुमच्या घरी कुणी बेस वाजवत असेल तर चार की पाच, आणि का, ते जरूर सांगा. आणि खरेदीला जाताना त्या पोराला बरोबर न्या.